होडी उठली ती पुनव

तिसऱ्या खेपेलाही होडीनं नाक खालीच घातलं.

सगुणनं होता तेवढा वेग दिला होता. मागचं मशीन असं किंचाळत होतं की त्याचे ठोके माझ्या बरगड्यांना लागत होते. पण होडी काही पाण्यावर चढेना. समोर पाण्याची भिंत उभी राहायची, ती आमच्याच अंगावर कोसळायची, आणि मी माझ्या हातांनी शिवलेल्या लाल रेक्झिनच्या गाद्यांवरून ओघळून पायाशी तळं करायची. मी डब्यानं पाणी उपसत होतो आणि तोंडानं नारायणाचं नाव घेत होतो. शेवटी सगुणनं मशीन बंद केलं. खाडी एकाएकी गप्प झाली. त्या शांततेत धक्क्यावरून बाबी तांडेलाचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“सगुण्या, खाडी नांगरून झाली मा रे? आता भात पेरूया.”

धक्क्यावर उभा असलेला अर्धा गाव हसला. सगुण हसला नाही. तो होडीच्या नाकाकडे बघत राहिला, बराच वेळ. मी काही विचारणार तेवढ्यात त्यानं तोंड फिरवलं आणि वल्हं उचललं.

“मास्तरानू, आता आपण वल्हा मारीत जावया,” एवढंच म्हणाला.

मी गावचा शिंपी, म्हणून सगळ्यांचा मास्तर. झबल्यापासून देवाच्या पोशाखापर्यंत सगळं शिवलं, पण जीव सगळा कीर्तनात. पंचक्रोशीत कुठे कीर्तन असलं की माझी पेटी तिथे. सासुरवाडीला सणाला बोलावणं आलं आणि त्याच दिवशी कुठे बुवा उभे राहणार असले, तर मी सासुरवाडी सोडली आहे. अशा माणसाचा वेगाच्या होडीशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच. गाद्या शिवायला कुणीतरी हवं होतं.

सगुण केळुसकर गोव्यात पर्यटकांच्या होड्या चालवायचा. तिथे एका आवारात शर्यतीची एक जुनी फायबरची होडी पालथी पडली होती. बुडाला भेगा, मागची फळी कुजलेली, आत कोंबड्यांनी अंडी घातलेली. त्यानं ती ट्रकवर घातली आणि गावी आणली. अंगणात माडाच्या विणलेल्या झापांचा मांडव घातला आणि कामाला लागला. पावसाळ्याच्या शेवटापासून माघापर्यंत त्या अंगणातून घासकागदाचा आवाज थांबला नाही. पांढरी भुकटी उडून माडाच्या चुडतांवर बसायची, सगुणच्या अंगाला खाज सुटायची, आणि त्याची आई भागीरथीकाकी संध्याकाळी त्याच्या पाठीला खोबरेल चोळता चोळता होडीला शिव्या घालायची. मागची फळी त्यानं नवी बसवली. दोन मेलेल्या मशिनांतून एक जिवंत केलं. चाक एका जुन्या जीपचं. रंग लाल.

होडीचं नाक थेट तुळशीपर्यंत आलं होतं. त्यामुळे काकीला तुळशीला प्रदक्षिणा घालायची तर होडीलाही घालावी लागायची. पहिल्यांदा ती कुरकुरली. मग तिला सवय झाली. मग मी पाहिलं, की फेरी मारताना तिचा हात होडीच्या अंगावरून फिरतो आहे, गाईच्या पाठीवरून फिरावा तसा.

सगुण म्हणायचा, ही होडी पाण्यातून जाणारी नव्हे, पाण्यावरून जाणारी. नीट जमली की सगळं अंग वर उचलते आणि फक्त टाच पाण्यात ठेवते. गावाचा विश्वास नव्हता. आमच्या माणसांनी जन्मभर लाट फोडणाऱ्या होड्या पाहिल्या. लाटेवर पाय देऊन धावणारी होडी ही आम्हाला पुराणातली गोष्ट. मला मात्र ते ऐकताना अंगावर काटा यायचा. पुराणातल्या गोष्टी खोट्या, असं मी कधी मानलंच नाही.

ही होडी त्याला कशासाठी हवी होती, ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा पट्टा आहे. ओहोटी जोरात लागली आणि बाहेरून लाट आली, की तिथे पाणी उकळल्यासारखं होतं. सगुणचे वडील, दत्तारामकाका, त्या पट्ट्यावरच गेले. आम्ही सगळे किनाऱ्यावर उभे होतो. होडी फुटली तेव्हा ते तिच्या नाळेला धरून राहिले. नाळ म्हणजे होडीच्या नाकाशी उभं असतं ते वाकडं, जाडजूड लाकूड. काकांचं डोकं दिसायचं, लाटेत जायचं, पुन्हा दिसायचं. धक्क्यावरून दोन होड्या निघाल्या होत्या. त्यांची मशिनं ठुकठुकत होती आणि त्या चालत होत्या, चालत होत्या. त्या पोचल्या तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी नाळ किनाऱ्याला लागली.

सगुणला तोंडावर उभी ठेवायची होती ती ही होडी. कुणी हाक मारली की क्षणात पोचणारी. गावच्या जाणत्यांनी सांगितलं होतं, तू म्हणतोस तशी ती धावून दाखव, मग तिचं तेलपाणी सगळ्या घरांनी मिळून बघायचं आणि तू इथेच राहायचं. नाही धावली, तर सगुण परत गोव्याला जाणार होता, पर्यटकांना फिरवायला. आणि काकी त्या घरात एकटी राहणार होती.

आमच्याकडे एक रीत आहे. नवी होडी बांधली की जुन्या होडीचं लाकूड तिच्यात बसवायचं. जुनीचा जीव नवीत येतो म्हणतात. सगुणनं ती किनाऱ्याला लागलेली नाळ होडीच्या नाकात, पुढच्या फळीखाली बसवली. अख्खी बसवली. चार माणसांनी उचलून आणली तेव्हा आम्ही सगळ्यांनी हात जोडले होते. बाबी तांडेलसुद्धा म्हणाला होता, आता ही लाट फोडील. काकी त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. पण तिनं स्वतः फळीवर हळदकुंकू लावलं.

तर, तिसऱ्यांदा होडीनं नाक खाली घातलं तो दिवस चतुर्दशीचा. दुसऱ्या दिवशी माघी पुनव, बेटावरच्या नारायणाचा उत्सव. बेट खाडीच्या तोंडाबाहेर, थोडंसंच आत समुद्रात. उत्सवाचं कीर्तन आमचे बुवाच करत. त्यांना बेटावर न्यायचा मान पिढ्यानपिढ्या केळुसकरांच्या होडीचा. काका गेल्यापासून तो मान नुसता नावाला उरला होता. बुवा कुणाच्याही होडीतून जायचे आणि काकी त्या दिवशी दार लोटून घरात बसायची. समुद्रात तिनं पुन्हा पाऊल घातलं नव्हतं.

बुवा त्या दुपारी नेहमीप्रमाणे केळुसकरांच्या पडवीत उतरले. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की गाभाऱ्यातली समई थरथरावी. होडी मांडवात परत आणून ठेवलेली पाहिली आणि सगळं समजले. सगुणला म्हणाले, “अरे, माझंही कीर्तन पहिल्यांदा रंगलं नव्हतं. लोक उठून गेले होते. एक म्हातारी राहिली. तिला वाटलं प्रसाद मिळेल.”

सगुणनं हसल्यासारखं केलं. मग त्यानं सांगितलं की सोमवारी गोव्याला जातो. होडीला गिऱ्हाईक बघतो. मी त्याला म्हटलं, मशीनचा पंखा बदलून बघ, गाद्या काढून टाक, माझ्या मेहनतीचं वाईट वाटून घेऊ नको. त्यानं नुसती मान हलवली. त्याला काहीच करायचं नव्हतं. जो माणूस अर्धं वर्ष भुकटी खाऊन जगला, तो एका दिवसात असा हात का टाकतो, ते मला कळेना.

काकी दारात उभी होती. ती सगुणकडे बघत होती. मग बुवांसाठी चहा घेऊन आली, कप ठेवला, आणि गेली नाही. पडवीच्या पायरीवर बसली.

“बुवानू,” ती म्हणाली, “त्या वर्सापासून ह्या गावात तुमी हत्तीचा आख्यान लावलास नाय.”

बुवांचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

हत्तीचं आख्यान म्हणजे मगरीनं तळ्यात पाय धरलेल्या हत्तीची गोष्ट. आमच्या गावाचं ते लाडकं. हत्ती हाका मारतो आणि देव वैकुंठातून धावत येतो. दत्तारामकाका गेले त्या वर्षी बुवांनी उत्सवात तेच लावलं होतं, आणि काही दिवसांतच ते झालं. बुवा समाचाराला आले तेव्हा काकीनं त्यांना भर माणसांत विचारलं होतं, “हत्तीक देव पावलो. माझ्या घोवाक कित्याक नाय पावलो?” बुवांनी शेकडो सभा जिंकलेल्या. पण त्या दिवशी ते मान खाली घालून बसले होते. त्यानंतर आमच्या गावात ते आख्यान त्यांनी तोंडातून काढलं नाही.

“लावलं नाही खरं,” बुवा म्हणाले.

“माका एकच सांगा. देव धावलो तेवा तेच्या हातात काय होता?”

बुवांनी कप बाजूला सारला. मग सांगू लागले. गायले नाहीत, नुसतं बोलले, पण त्यांचं बोलणंही तालात असतं. देव लक्ष्मीशी बोलत बसले होते. हाक आली आणि वाक्य अर्धं टाकून उठले. तिच्या हातात पदर गुंतला होता, तो सोडवायला थांबले नाहीत. हातात काही घेतलं नाही, पायात काही घातलं नाही. गरुडावर बसले. गरुड वाऱ्यापेक्षा वेगानं उडतो, पण देवांना तो त्या दिवशी जड वाटला. युगायुगांचं आवडतं वाहन. त्याच्या पाठीवरून त्यांनी मधेच उडी टाकली आणि अनवाणी धावले.

“गरुडाक वाईट वाटला नसात?” काकीनं विचारलं.

“वाटलं असेल,” बुवा म्हणाले. “पण तिकडे हत्ती बुडत होता.”

काकी उठली. मांडवात गेली. होडीच्या नाकावर, त्या फळीवर, तिनं तळहात ठेवला. आम्हाला पाठमोरीच बोलली.

“सगुणा, होडी कित्याक उठणा नाय, ता तुका ठावक होता.”

सगुण जमिनीकडे बघत होता. “होय.”

“मगे सांगलंस कित्याक नाय?”

“कसा सांगू, आये? ता लाकूड बाबांनी शेवटाक धरल्यानी.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लाट फोडायची तर नाक जड हवं, हे आमच्या रक्तात. म्हणून ती नाळ नाकात बसली तेव्हा गावातल्या होडी हाकणाऱ्या एकाही तांडेलाला शंका आली नाही. पण जिला उडायचंय तिच्या चोचीला आम्ही चार माणसांचं ओझं बांधलं होतं. सगुणला ते पाण्यावर पहिल्याच खेपेला कळलं असणार. आणि आईला ‘ते लाकूड काढतो’ म्हणण्यापेक्षा त्याला होडी विकणं सोपं वाटलं होतं.

काकी वळली. तिचे डोळे कोरडे होते.

“ता लाकूड धरून तो बुडलो, सगुणा. आता तू तरी ता धरून बसू नको.” मग, रोजच्या आवाजात, “रीत वीतभराची. सगळा घाल म्हणान कोणी सांगलेला? वीतभर ठेव, बाकी सकाळी काढ.”

सकाळी फळी उघडली. सगुणनं करवत लावली आणि दुसरं टोक धरायला कुणी पुढे यायच्या आत काकी येऊन बसली. माय-लेक समोरासमोर बसून त्या लाकडातून करवत ओढत होते. खारं लाकूड, दगडासारखं. त्याचा भुसा काळपट पडत होता. पडवीत बुवा जप करत बसले होते, आणि मी पेटी मांडीवर घेऊन नुसता बघत होतो. शेवटी वीतभर तुकडा आत राहिला आणि बाकीचं लाकूड चौघांनी बाहेर काढून तुळशीशी ठेवलं. काकीनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मग घरात गेली आणि बाहेर आली ती नऊवारी बदलून, केसांत सुरंगीचा वळेसर माळून.

“खंय गे?” शेजारणीनं विचारलं.

“बुवांका पोचवूक. मान आमचो हा.”

भरतीचं पाणी खाडीत काठोकाठ होतं. होडी पाण्यात लोटली तेव्हाच तिचं नाक आदल्या दिवसापेक्षा वर राहिलं. धक्क्यावर गाव कालच्यासारखाच जमला होता. बाबी तांडेल आज काही बोलला नाही, कारण काकी होडीत चढत होती. तिनं पाऊल टाकताना कुणाचा हात घेतला नाही. मधल्या गादीवर बुवा बसले, शेजारी ती, मागे मी आणि माझी पेटी. सगुणनं मशीन चालू केलं. खाडीच्या मध्यावर आलो. त्यानं एकदा मागे आईकडे पाहिलं आणि वेग दिला.

पाण्याची भिंत उभी राहिली. तीच कालची भिंत. मी डोळे मिटले आणि पेटी छातीशी धरली.

मग आवाज बदलला.

कीर्तनात एक घटका येते. पूर्वरंग संपलेला असतो, बुवांच्या गळ्यात हार पडलेला असतो, तबला, झांजा, पेटी, सगळे आपापल्या परीनं ओढत असतात, आणि कुठेतरी एकदम सगळ्यांचं एक होऊन जातं. मग ओढावं लागत नाही. मांडवच उचलला जातो. तसं झालं. मशीनचं किंचाळणं थांबलं आणि त्याचा एक लांब, मोकळा सूर लागला. खालचं पाणी कडक झालं. मी डोळे उघडले तर समोर भिंत नव्हती. होडीचं लाल नाक आभाळात होतं आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे पांढरे पंख उघडले होते. किनारा, माड, कुरणं, सगळं मागे ओघळत होतं. लाटा आम्हाला फोडाव्या लागत नव्हत्या. त्या बुडाखाली टाळ्या वाजवून निघून जात होत्या.

बुवांनी पगडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ते काहीतरी म्हणत होते, मला ऐकू येत नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाले, काही म्हणत नव्हतो, नुसतं तोंड उघडं राहिलं होतं. जन्मभर गरुडाचं वर्णन केलं, पण बसलो आज.

काकी ताठ बसली होती. तो वाळूचा पट्टा आला. भरती होती, तरी तिथलं पाणी वेगळं दिसतं. तिनं केसांतला वळेसर काढला आणि हात लांबवून सोडून दिला. तो आमच्या मागे कुठे पडला तेही दिसलं नाही, इतक्या लवकर तो पट्टा मागे गेला.

बाबी तांडेल आणि बाकीचा गाव आपापल्या होड्यांतून मागाहून बेटावर आला. बेटावरचं देऊळ छोटं. दार समुद्राकडे. कीर्तनाला बुवा देवाशेजारी उभे राहतात, मी त्यांच्या बाजूला, त्यामुळे माझ्या समोर श्रोते, आणि श्रोत्यांच्या डोक्यांवरून दारातून दिसणारा समुद्र. दुपार कलली तेव्हा पूर्वरंग संपला. बुवांना हार घातला, बुक्का लावला. नारदाच्या गादीवर उभा असेतो कीर्तनकार म्हणजे साक्षात नारद. तो कुणाला नमस्कार करत नाही, कुणासाठी थांबत नाही. आणि उत्तररंग सुरू झाला की श्रोत्यानंही उठायचं नाही. आमच्याकडे हा मोठा अपराध मानतात.

बुवांनी माझ्याकडे पाहिलं, सूर मागितला, आणि आख्यान लावलं. हत्तीचं.

सभा सरसावून बसली. काकी खांबाशी बसली होती, सगुण तिच्यामागे. बुवांनी तळं उभं केलं, कमळं उभी केली, पाण्यात शिरणारा हत्ती उभा केला. मगरीनं पाय धरला. हत्तीची शक्ती सरत आली. त्यानं सोंड वर केली आणि हाक मारली.

त्याच वेळी बाहेरून हाक आली.

बाबी तांडेल कातळावरून ओरडत होता. ओहोटी लागली होती. उशिरा निघालेली एक छोटी होडी पट्ट्यावर पालथी झाली होती. उत्सवात गुळातलं खाजं विकायला येणारे नवरा-बायको होते तीत.

सगुण अर्धा उठला आणि थबकला. त्यानं बुवांकडे पाहिलं. सगळी सभा बुवांकडे बघत होती. बुवांच्या हातातली झांज थांबली नाही. ते त्याच चालीत, आख्यानातलंच वाक्य असावं तसं म्हणाले,

“देव बसून राहिला नाही. ऊठ.”

सगुणच्या आधी काकी उठली. ती दारातून धावली ते मी पाहिलं. कातळाला बांधलेला दोर तिनं सोडला, सगुण होडीत उडी मारेपर्यंत तो हातात धरला, आणि फेकला. मग ती परत आली. ओल्या पायांनी येऊन खांबाशी आपल्या जागेवर बसली.

बुवा आख्यानात पुढे जाऊ शकले असते. देव धावले, मगर मेली, हत्ती सुटला, एवढंच उरलं होतं. ते पुढे गेले नाहीत. हत्तीच्या हाकेला देव उत्तर देतात, तिथे ते थांबले. उत्तर दोन शब्दांचं. “आलो, आलो.” तेवढंच ते गाऊ लागले. एकदा, दोनदा, पुन्हा. मी भाता ओढत राहिलो. तबला ठेका देत राहिला. मग बायका गाऊ लागल्या, मग पुरुष. “आलो, आलो.”

दारातून मला लाल होडी दिसली. तिचं नाक उठलं, अंग उठलं, फक्त टाच पाण्यात राहिली, आणि ती कातळाआड गेली. मग नुसता मशीनचा सूर. तो आमच्या सुरात मिसळत होता की नाही कोण जाणे, मला तरी मिसळलेला वाटत होता.

मग मशीन थांबलं.

बाहेर नुसती लाट. पोचला, की लाटेनं गाठला, काही कळायला मार्ग नाही. काही जणांचा आवाज बसला. बुवांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण त्यांनी शब्द सोडला नाही. मी काकीकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. सगळ्या सभेत तिचाच आवाज मला वेगळा ऐकू आला. बारीक, खरखरीत, कधी न गाणाऱ्या बाईचा. “आलो, आलो.” किती वेळ गेला मला ठाऊक नाही. माझे हात माझे राहिले नव्हते.

आणि मशीन पुन्हा वाजलं.

सगुण दोघांना घेऊन दारात आला तेव्हा सभा उभी राहिली. अपराधाची कुणाला आठवण राहिली नाही. बाई थरथरत होती. नवरा ओकून रिकामा झाला होता, आणि डोळे उघडल्यावर पहिलं म्हणाला, “खाजा सगळा भिजला.” लोक हसले आणि त्यातले निम्मे रडत होते. काकीनं आपल्या पदरानं बाईचं डोकं पुसायला घेतलं. बुवांनी तेव्हा कुठे पुढची ओळ घेतली, हत्ती सोडवला, आणि आरती केली.

आरतीनंतर सगळे बुवांच्या पाया पडतात. काकी शेवटी आली.

“बुवानू, मी तुमका एक विचारलेला.”

“माझ्याकडे उत्तर नव्हतं, काकी. आजही नाही.”

“नसू दे,” ती म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला.

बाबी तांडेलानं परतताना सगुणला सांगितलं की पहिल्या महिन्याचं तेल त्याच्या घरचं. भात पेरायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

त्यानंतर त्या होडीनं खूप माणसं आणली. काही आणली नाहीत, तेही सांगायला हवं. आता माझी बोटं पेटीवर नीट बसत नाहीत, बुवा तर केव्हाच गेले. पण खाडीच्या तोंडाशी आमच्या धक्क्यावर जाऊन बघा. होडी बांधायला तिथे एक खुंट पुरलेला आहे. वाकडा, काळा, चार माणसांनी उचलावा लागेल एवढा. दत्तारामकाकांची नाळ ती. लाल होडी दिवसभर तिला बांधलेली असते. लाट आली की दोर ताणला जातो आणि होडी तिथेच राहते. हाक आली की भागीरथीकाकी घरातून निघायची, पुढे पुढे काठी टेकत निघायची, आणि तो दोर आपल्या हातानं सोडायची. शेवटपर्यंत तो मान तिनं दुसऱ्या कुणाला दिला नाही.